लॅप्लास आणि कानस

लॅप्लास ट्रान्सफॉर्म म्हणजे काय, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण त्याने माझी दोन वर्षं आणि आबांची एक जर्सी गाय खाल्ली, एवढं नक्की.

1999 साली मी सिन्नरहून बारावी झालो. सायन्स, 61 टक्के. आमच्या घरात 61 म्हणजे ना पेढे, ना मार. माझं नाव होतं ते वेगळ्याच कारणाने. विहिरीवरची मोटार बंद पडली की मळ्यामळ्यातून मला हाक यायची. फूटव्हॉल्व्ह उघडणं, ग्लँडची दोरी भरणं, राजदूतचा कार्बोरेटर साफ करणं हे कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, शेजारी उकिडवा बसून पाहिलं होतं. त्यावरून मामांनी निकाल देऊन टाकला, "पोराला मशीनची आवड आहे. मेकॅनिकलला घाला."

या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. गोची दुसऱ्या अर्ध्यात होती. मेकॅनिकल इंजिनीअर दिवसभर नेमकं काय करतो, हे मामांना माहीत नव्हतं, आबांना नव्हतं, मलाही नव्हतं. पुणे विद्यापीठाच्या एका खासगी कॉलेजात प्रवेश मिळाला. गाय विकली, उरलेलं सोसायटीकडून काढलं.

पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा वर्कशॉप असायचं. सुतारकामाचा टी-जॉइंट, पत्र्याचा ट्रे, फिटिंगचा मेल-फिमेल जॉब. त्या दिवशी मी जेवायलासुद्धा विसरायचो. बाकी सगळे दिवस फळा. गणिताचे पेपर, एम-वन आणि एम-टू, कसेबसे निघाले. दुसऱ्या वर्षी एम-थ्री आला, त्यातच तो लॅप्लास, सोबत थर्मोडायनॅमिक्स आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. ज्या इंजिनाचा आवाज ऐकून मी बिघाड सांगायचो, ते इथे आलेखावरची एक बंद रेघ होऊन बसलं होतं. माझ्या शेजारच्या बेंचवरच्या मुलाने आयुष्यात पाना धरला नव्हता. तो वर्गात पहिला आला, आणि बरोबरच आला. कारण डिग्रीचं शिक्षण हे मशीन उघडण्याचं नाहीच, मशीन गणितात मांडण्याचं आहे. अशी माणसं लागतातच, त्यांच्याशिवाय नवं काही बनणार नाही. मी तसा नव्हतो, एवढंच.

वायडी लागला. इयर डाऊन. बोर्डावर नंबर शोधून मी एसटी स्टँडवर आलो आणि सिन्नरच्या तीन गाड्या सोडल्या. घरी चार दिवसांनी सांगितलं. आबा फक्त म्हणाले, "बरं." त्यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुन्हा परीक्षेला बसलो, पुन्हा तेच.

मग नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत एका छोट्या शेडमध्ये हेल्पर म्हणून लागलो. तिथल्या मिस्त्रींनी दोन महिने मला फक्त बर काढायला आणि मशीन पुसायला लावलं. एके दिवशी ड्रिल घासून दे म्हणाले. दिलं. त्यांनी ते उजेडात धरून दोन्ही धारा पाहिल्या आणि विचारलं, "आयटीआय का नाही केलास रे?"

याचं खरं उत्तर असं होतं, की आमच्या डोक्यात आयटीआय म्हणजे पंचेचाळीस टक्केवाल्यांची जागा. 61 टक्केवाल्याने तिथे जायचं म्हणजे घराण्याची इज्जत जायची. डिग्रीत दोनदा नापास होताना ती कुठे गेली होती, हे कुणी विचारलं नाही.

2003 साली मी फिटर ट्रेडला प्रवेश घेतला. माझं वय 21, वर्गातली पोरं सोळा-सतराची. मला 'काका' म्हणायची. पहिले कित्येक दिवस एकच काम, कानस चालवायची. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. पण त्या दिवसांत मी एकदाही घड्याळ पाहिल्याचं आठवत नाही.

आणि गणित? ते इथेही होतंच. वर्कशॉप कॅल्क्युलेशन नावाचा विषय होता. एकदा सरांनी 200 मिलिमीटरच्या साइन बारच्या एका टोकाखाली 100 मिलिमीटरच्या स्लिप गेज रचल्या आणि म्हणाले, "हा झाला 30 अंशांचा कोन. सांग कसा?" साइन तीस म्हणजे एक छेद दोन. हे मी दहावीपासून घोकत आलो होतो. पण ते एक छेद दोन डोळ्यांपुढे तिरकं उभं राहिलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला गणित येत नव्हतं असं नाही. हातात धरल्याशिवाय येत नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. एक वर्ष अ‍ॅप्रेंटिस, काही वर्षं कंपनीत, मग शिल्पनिदेशकाचं प्रशिक्षण घेतलं आणि आता एका आयटीआयमध्ये शिकवतो. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. अ‍ॅप्रेंटिसच्या विद्यावेतनात खोलीचं भाडं आणि मेस भागवताना नाकी नऊ यायचे. कंत्राटी कामात बरोबरीची पोरं वर्षानुवर्षं अडकून पडली. लग्नाच्या वेळी एका स्थळाने विचारलं, "आयटीआय म्हणजे दहावीनंतरचंच ना?" तिथेच बोलणी संपली. आमच्या वर्कशॉपमधला एक लेथ गेल्या दिवाळीपासून एका सुट्या भागासाठी बंद आहे.

प्रवेशाच्या दिवसांत पालक येतात. मुलगा शेजारी खाली मान घालून बसलेला. "सर, मार्क साधारण आहेत, पण हाताने करायची आवड आहे. कुठली लाइन घ्यावी?" मला दर वेळी मामा आठवतात. म्हणून मी सल्ला देत नाही. मुलाला वर्कशॉपमध्ये नेतो, कानस आणि लोखंडाचा तुकडा देतो आणि बाजूला होतो. काही जण दहा मिनिटांत विचारतात, "झालं का?" काही जण तुकडा फिरवून उजेडाकडे धरतात, न सांगता. बाइकची आवड आहे म्हणून आलेल्या बऱ्याच पोरांना आवड असते ती बाइक चालवायची. तेही वाईट नाही, फक्त तो ट्रेड नव्हे.

गेल्या वर्षी एका मुलाने पाच मिनिटांत कानस खाली ठेवली. वडील शरमेने लाल झाले. परत जाताना तो पोरगा इलेक्ट्रिशियनच्या शेडपाशी थबकला. भिंतीवरच्या वायरिंग बोर्डातली एकेक वायर कुठून निघते आणि कुठे जाते, हे बोटाने हवेतच शोधत राहिला. हाताचं काम काही एकच नसतं. फिटरला चिकाटी लागते, इलेक्ट्रिशियनला माग काढता यावा लागतो, डिझेल मेकॅनिकला कान लागतो. वडिलांना वाटलं होतं पोराला कशातच रस नाही.

पोराचा हात कशात रमतो, हे आधीच कळायला हवं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. तिथे मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी प्रत्यक्ष करून शिकतात. आठवीच्या पोराला असं काही करायला मिळालं, तर बारावीनंतर मामांच्या एका वाक्यावर त्याची तीन वर्षं जाणार नाहीत. माझी तरी गेली नसती.

पालकांना आणखी एक भीती असते, आयटीआयला घातलं की पोरगा तिथेच अडकेल. तसं नाही. दोन वर्षांचा ट्रेड झाला की अटी पुऱ्या करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमावरून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. माझे काही विद्यार्थी त्या वाटेने इंजिनीअर झाले. त्यांना एम-थ्री सोपा गेला असं नाही, पण तोवर त्यांच्या हातात धंदा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 साली आणलेला बी. व्होक. हाही एक रस्ता आहे. फक्त नावातल्या 'व्होकेशन'वर जाऊ नका.

कुठल्याही कॉलेजात गेलात तर माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि वेळापत्रक मागा. आठवड्यातले किती तास वर्कशॉप, किती तास फळा, ते मोजा. मग वर्कशॉपचं दार उघडायला सांगा. मशीनवर धूळ आहे का तेल, ते बघा.

आमचं वर्कशॉप सकाळी आठला उघडतं. मुलाला घेऊन या. येताना जुने कपडे घालायला सांगा, आणि तो कानस घासत असेल तेव्हा तुम्ही बाहेर चहाला जा.