सहावी दाढ

बकरी ईद आली की आपण बाजारात बकऱ्याचे तोंड उघडून आधी दात पाहतो. दोन दाती असला की वर्ष भरल्याची खूण मानतो. घरातल्या मुलांचे तोंडही असेच उघडून पाहायला हवे.

बकऱ्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. माणसाला वर-खाली दोन्हीकडे असतात. पुढचे आठ पटाशीचे दात घास तोडतात, चार टोकदार सुळे गोश्त फाडतात, आठ उपदाढा चुरतात आणि अक्कलदाढा धरून बारा दाढा दळतात. एकूण ३२. दुधाचे दात मात्र २०च. त्यांत उपदाढा नसतात.

पहिलीच्या वर्गाला हा पाठ शिकवताना आम्ही शिक्षक मुलांना 'आ' करायला सांगतो. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. ती किडली, तर अम्मी म्हणतात, "दुधाची आहे, पडेल." पण ती दुधाची नसते, जन्मभराची असते. गेली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

ओळखायची कशी? समोर मधोमध सुरुवात करून एका बाजूला मोजा. पडलेल्या दाताची जागाही धरा. पाच जागा दुधाच्या दातांच्या, सहावी दाढ कायमची. वर-खाली मिळून अशा चार. रात्री झोपण्यापूर्वी ब्रश तिथपर्यंत पोचतो ना, हे आपणच पाहू. काळा ठिपका दिसला, तर दुखण्याची वाट न पाहता दाताच्या डॉक्टरकडे जाऊ.