सकाळचा निरो

एप्रिलमध्ये बायको-मुलासह गोव्यात, सत्तरीकडे गेलो. पॅकेजमध्ये ‘काजूच्या भट्टीची भेट आणि चव’ होती, हे पैसे भरल्यावर वाचलं.

भट्टीवाल्या आजोबांनी छान समजावलं. बोंडू तुडवून रस काढायचा, आंबवायचा. एकदा गाळली की हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. (२००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय.) मग छोटे पेले भरले. मुलगा पेल्यांकडे नाही, माझ्याकडे बघत होता. “आम्ही घेत नाही,” मी म्हणालो. वर्गात बोलतो तसं, उगाच कडक.

आजोबा हसले. “मग निरो घ्या. चोथ्यावर रात्रभर दगड ठेवून निथळलेला रस. आंबलेला नाही. दुपार झाली की मीच तुम्हाला देणार नाही.”

गोड, घशाला किंचित धरणारा. तिघंही प्यायलो.

जेवणात सान्ना होत्या, अगदी आमच्या घरच्या सांदणांसारख्या. मुलाने हात पुढे केला. बायकोने वाढणाऱ्या बाईंना विचारलं, “कशाने फुगवता?”

“सूर घालतो. म्हणजे तुमची माडी.”

हात मागे आला. बाई ओशाळल्या, धावत जाऊन भात घेऊन आल्या. निघताना बघतो तर बायको चुलीपाशी बसून त्यांना यीस्टचं प्रमाण सांगत होती.