माणसाळणे

कुत्र्याच्या पिल्लाला जगाची सवय लावण्याच्या प्रक्रियेला 'सामाजिकीकरण' म्हणावे, असे पुस्तकी मराठी सुचवते. मराठीत त्यासाठी 'माणसाळणे' हे अस्सल क्रियापद पूर्वीपासून आहे. आमच्या घरी बुंदी आली तोपर्यंत या शब्दाकडे मी कधी निरखून पाहिले नव्हते.

बुंदी आली तेव्हा पाच महिन्यांची होती. गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तिचा जन्म झाला आणि ती वाढलीही तिथेच. दोन वेळा खाणे टाकणारा एक माणूस, एवढीच तिची मानवजात. जिना, पंखा, कुकरची शिट्टी, छत्री, लहान मूल हे सारे तिच्या लेखी एकाच दिवशी निर्माण झाले. पहिले काही दिवस ती कपडे धुण्याच्या यंत्रामागे बसून होती.

स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांचा कुत्र्यांच्या वर्तनावरील ग्रंथ 1965 साली प्रसिद्ध झाला. पिल्लाच्या आयुष्यातला साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ परक्याला आपले मानण्याचा असतो, हे त्यांनी दाखवले. त्याआधी 1961 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणसांच्या सहवासापासून दूर वाढवलेली पिल्ले जवळजवळ रानटी जनावरांसारखी वागली होती. बुंदीचा तो काळ शेडमध्येच सरला होता. दार पूर्ण बंद होत नाही, हे खरे. पण नंतर ते फटीएवढेच उघडते आणि त्यातून एकेक वस्तू आत न्यावी लागते.

'तिला रोज मंडईत न्या, आपोआप भीड चेपेल,' असे शेजारच्या काकांनी सांगितले. सल्ला आपुलकीचा होता, पण भीड आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीड चेपते, भीती मात्र गर्दीत कोंडली की घट्ट होते. असे कोंडलेले जनावर पुढे पुढे निपचित होते आणि लोकांना वाटते, शहाणे झाले.

या कामी मला श्वानशास्त्राइतकाच मराठी शब्दसंग्रह उपयोगी पडला. बिचकणे, बुजणे आणि भेदरणे हे कोशात शेजारी शेजारी राहणारे शब्द आमच्या घरात तीन पायऱ्या झाले. बिचकलेली बुंदी दचकते, पण पुन्हा वळून पाहते. बुजलेली पुढे पाऊल टाकत नाही; तरी उकडलेल्या कोंबडीचा तुकडा हातावरून घेते. भेदरली की मात्र तोंडाशी धरलेला तुकडाही तिला दिसत नाही. खाणे नाकारले, की आपण फार जवळ आलो आहोत हे ओळखायचे आणि मुकाट्याने मागे फिरायचे. क्रमही महत्त्वाचा: आधी स्कूटर दिसावी, मग तुकडा मिळावा. उलट केले तर तुकडाच स्कूटरची वर्दी ठरतो, आणि तिला तुकड्याचीही धास्ती बसते.

पाहुण्यांना आम्ही सांगत असू, की तिच्याकडे पाहू नका, हात पुढे करू नका, जमिनीवर जरा तिरके बसा. साहित्याच्या प्राध्यापक असलेल्या एका मैत्रिणीने अशा अवस्थेत तासभर मर्ढेकरांवर बोलून दाखवले. बुंदी चाळिसाव्या मिनिटाला येऊन तिच्या पदराचा वास घेऊन गेली. परत जाण्याची वाट मोकळी होती, म्हणूनच ती आली, असे माझे मत आहे. गोंजारून, मांडीवर ओढून घेऊन हे साधले नसते.

म्हणूनच 'माणसाळणे' हा शब्द मला आवडतो आणि थोडा खटकतोही. जनावराने जायचे ठिकाण म्हणजे माणूस, असे त्यात गृहीत धरलेले आहे. बुंदीला मात्र माणसांइतकीच ओळख करून घ्यायची होती ती कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाशी, पावसात चमकणाऱ्या रस्त्याशी आणि गल्लीतल्या कुत्र्यांशी. त्यातल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याने जे दोन आठवड्यांत शिकवले, ते आम्हाला चार महिन्यांत जमले नव्हते.

आता स्कूटर गेली तर ती फक्त कान हलवते. छत्री उघडली की बुजते. गॅसचा सिलिंडर जिन्यावर आदळत येतो तेव्हा अजूनही भेदरते. त्या दिवशी आम्ही तिला आधीच आतल्या खोलीत नेऊन ठेवतो आणि रेडिओ लावतो.