यादीतलं नाव

गावाकडं ग्रामपंचायतीचं इलेक्शन लागलं की आमच्या गल्लीत जीप येते. जिंतूर तालुक्यातून, थेट वाळूजला. जीप उमेदवाराची, डिझेल त्याचं, वाटेतलं जेवणही त्याचंच. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालतात. वीस वर्षं ते इथं एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहेत. सुपरवायझर त्यांना "ओ परभणी" अशी हाक मारतो. गावात मात्र त्या एका दिवशी पुढारी उठून खुर्ची देतो. सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. जीप काही चुकली नाही.

इथं आमच्या खोलीत आठ दिवसांनी पाणी येतं. आलं तर.

मागच्या १५ ऑगस्टला कंपनीला सुट्टी होती म्हणून मम्मी आणि चाळीतल्या चारपाच बाया ग्रामसभेला गेल्या. मी सोबत. मम्मीनं पाइपलाइनचं विचारलं. एक जण अगदी नीट बोलला, "ताई, तुमचं नाव यादीत आहे का?" नव्हतं. सगळ्यांची नावं आपापल्या गावी. ग्रामसभा म्हणजे गावात राहणारी माणसं असं मी समजत होतो. राज्यघटनेच्या कलम २४३ प्रमाणे ती मतदार यादीतल्या माणसांची असते.

त्या दिवशी सभेला पन्नासही लोक नसतील. गणपूर्तीला शंभर किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यातला कमी आकडा लागतो. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला मग गणपूर्तीची गरजच नसते! बजाजचा कारखाना १९८५ ला इथं सुरू झाला, त्यामागं कंपन्या आल्या, कंपन्यांमागं आमच्यासारख्यांच्या दहा बाय दहाच्या खोल्या. एवढ्या सगळ्यांचं पाणी मूठभर लोक ठरवतात, आणि त्यात बेकायदेशीर काहीच नाही. सत्ता पैशातून येते, जातीतून येते, मुंबईतून येते, असं मी कट्ट्यावर ठासून सांगायचो. यादीचा विचार कधी केला नव्हता.

घरी येऊन कायदा वाचला. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नाव तिथंच लागतं जिथं माणूस सर्वसाधारणपणे राहतो. गावात नुसतं घर असलं म्हणून भागत नाही. आणि दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही.

मला अठरा पूर्ण झाली होती. फॉर्म ६ भरायला घेतला. घरमालक भाडेकरार देईना. शेवटी मम्मीच्या नावावरचं गॅसचं बिल जोडलं. ते बघून मम्मी म्हणाली, "माझं बी टाक." तिचा फॉर्म ८, पत्ता बदलायचा.

पप्पा भडकले. "तिथलं नाव कामून काढायलास? उद्या कंपनीनं काढलं तर जायचं कुठं? गावात मग आपण कोण?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. खोली तर भाड्याचीच आहे.

मम्मी भांडी घासत होती. म्हणाली, "गावात मी कोण होते? जीपमधी बसायचं, सांगतेल ते बटन दाबायचं."

बीएलओ मॅडम येऊन खोली बघून गेल्या. पुढं दोघांची नावं लागली.

परवा गावाकडून फोन आला. पोरगं अठराचं झालं ना, यादीत टाकू का? पप्पा बराच वेळ गप्प होते.

"त्याचं हितंच झालंय," ते म्हणाले. "अन् ह्या बारीला जीपमधी दोन सीटा कमी धरा."