अण्णा, दुसऱ्या ट्रंपेटला काय दिलं होतं?

आदरणीय अण्णा,



१२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांब्यात तुमचा जन्म झाला. आमच्या नाशिकच्या रामकुंडावरून निघालेलं गोदेचं पाणी पुढे तुमच्याच गावाला जातं. तेवढ्या शेजाराच्या हक्काने लिहितो आहे. पत्र उघड लिहितो आहे, कारण सांगायचं आहे ते तुमच्यापेक्षा तुमच्या चाहत्यांना जास्त.

सी. रामचंद्र म्हटलं की महाराष्ट्रात बहुतेकांना एकच गाणं आठवतं. २७ जानेवारी १९६३, दिल्ली, कवी प्रदीपांचे शब्द, लताबाईंचा आवाज आणि समोर पंडित नेहरू. जरा जास्त ऐकणारा माणूस असला तर ‘अनारकली’पर्यंत येतो. ‘अलबेला’चा विषय निघाला की सगळ्यांची मान डोलते, पाय ठेका धरतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘मजेची गाणी होती हो ती.’ विषय तिथेच संपतो. मला हे फार लागतं. ‘शहनाई’ (१९४७), ‘पतंगा’ (१९४९), ‘समाधी’ (१९५०), ‘अलबेला’ (१९५१), ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांत तुम्ही जे काम केलंत, ते तुमच्या इतर कोणत्याही कामाइतकंच गंभीर होतं. माझ्या मते ते तुमचं सगळ्यात अवघड काम होतं.

तुम्ही शिकलात ते पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात, विनायकबुवा पटवर्धनांकडे. बुवा विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य; त्याच पलुस्करांनी आमच्या पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला होता. म्हणजे तालीम सगळी रागदारीची, भजनाची. पुढे ‘नागानंद’मध्ये नायक झालात, चित्रपट पडला. मग मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटीवर बसलात. संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली तीही तमिळ चित्रपटांत. हिंदीत तुम्हाला हात दिला भगवानदादांनी, ‘सुखी जीवन’मध्ये, १९४२ साली. तोवर तुमच्या कानात अमेरिकन जॅझवादक बेनी गुडमनचं क्लॅरिनेट शिरलेलं होतं.

तो काळच तसा होता. गुडमनने १९३८च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये आपला बँड बसवला, आणि नाचघरातलं संगीत मैफलीच्या मंचावर गेलं. त्याआधीच, १९३५ साली, लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन बँडमास्तर आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला होता. इकडे नाशिकजवळ देवळालीच्या छावणीत महायुद्धाच्या काळात गोऱ्या सैनिकांच्या कॉन्सर्ट पार्ट्या नाचगाण्याचे कार्यक्रम करत. त्यांच्यात जिमी पेरी नावाचा एक तोफखान्याचा शिपाई होता. पुढे १९७४ साली त्याने त्या आठवणींवर बीबीसीची एक गाजलेली विनोदी मालिका उभी केली. म्हणजे ते सूर आमच्या वेशीपर्यंत आले होते, पण छावणीच्या तारेच्या आत. तारेबाहेरच्या माणसाला, पेठेतल्या तांबटाला, गिरणीतल्या कामगाराला ते सूर मिळाले ते तुमच्यामुळे, चार आण्यांच्या तिकिटात.

आणि ते तुम्ही एकट्याने केलं नाहीत, हे तुम्हीच सगळ्यात चांगलं जाणता. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पोरांना व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन शिकवत. ती पोरं मुंबईच्या हॉटेलांत वाजवू लागली. नंतर दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच ओसरले, तशी स्टुडिओकडे आणखी वळली. हळदोण्याचा अंतोनियो शावियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ताजमध्ये ट्रंपेट वाजवायचा. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. तो तुमचा साहाय्यक झाला. जॉन गोम्स झाले. तुम्ही पेटीवर सारेगम म्हणून चाल सांगायचात आणि ही माणसं ती पाच रेघांवर उतरवायची. ट्रंपेटला काय, सॅक्सोफोनला काय, कोणी कुठे थांबायचं, कोणी कुठे उत्तर द्यायचं, ते ज्याच्या त्याच्या कागदावर लिहिलेलं.

‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ पुन्हा एकदा नीट ऐका म्हणून मी सगळ्यांना सांगतो. लताबाई आणि तुम्ही स्वतः, म्हणजे ‘चितळकर’, गाता आहात. मागे बाँगो, क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन. पण चालीला हात लावून पाहा. ती आपल्या माणसाला पहिल्या ऐकण्यात गुणगुणता येते, कुठेही परकी वाटत नाही. पितळी वाद्यांचा एवढा दंगा चाललेला असतो, तरी ती गायकाच्या शब्दावर कधी चढत नाहीत. ओळ संपते, श्वास घ्यायला जागा होते आणि नेमकी तिथेच ती उसळतात. कीर्तनात बुवांनी ओळ सोडली की टाळकरी ती जशी उचलतात, तसंच हे. आणि याच चित्रपटात ‘धीरे से आजा री’सारखी पिलूतली अंगाई तुम्हीच केलीत. एका माणसाच्या एकाच वर्षाच्या कामात ही दोन्ही टोकं आहेत, आणि आपण त्यातलं एक टोक देव्हाऱ्यात ठेवलं, दुसरं वरातीला दिलं.

‘आशा’तल्या ‘ईना मीना डीका’ची गोष्ट तर सांगावीच लागते. संगीताच्या खोलीबाहेर मुलं खेळताना काहीबाही बडबडत होती, त्यातून तुम्हाला मुखडा सुचला, आणि गोम्सनी त्यात कोकणीतले दोन शब्द टाकले. अर्थ नसलेल्या अक्षरांवर किशोरकुमार एवढा धावतो आणि ठेका कुठे सुटत नाही, त्यासाठी खालची बांधणी किती पक्की लागली असेल!

तुमच्यावर माझा एक आक्षेप आहे, तोही इथेच सांगतो. ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ एडमंडो रॉसच्या गाण्यावरून आलं, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्या काळी सगळेच असं करत. पण तुमच्याकडे चालींचा तोटा नव्हता, म्हणून ते सलतं. त्याहून जास्त सलतं ते नावांचं. ‘अलबेला’त चिक आपल्या वादकांसह पडद्यावर दिसतो, हे तुम्ही होऊ दिलंत, ही मोठी गोष्ट. पण त्या काळच्या असंख्य चित्रपटांत स्वरमेळ लिहिणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची नावं श्रेयनामावलीत आली नाहीत. तुम्ही स्वतः राम चितळकर, श्यामू, अण्णासाहेब अशी कितीतरी नावं लावलीत. त्यांच्यातल्या अनेकांना मात्र एकही मिळालं नाही. अलीकडे नरेश फर्नांडिसांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये त्यातल्या काहींची आयुष्यं शोधून लिहिली. मराठीत तेवढ्या तळमळीने केलेलं काम माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता आमच्याकडची हकिगत. लग्नसराईत रविवार कारंजावरून वराती निघतात. डीजेने बँडवाल्यांचं निम्मं काम खाल्लं आहे, पण जे उरलेत ते अजून तुम्हाला वाजवतात. तुमचं गाणं सुरू झालं की नवरदेवाचा काका हमखास भगवानदादांसारखा एक हात वर करून खांदे हलवतो. त्यातला एक क्लॅरिनेटवाला माझ्या ओळखीचा आहे. नोटेशन त्याला वाचता येत नाही, सगळं कानाने उचललेलं. त्याच्या वाद्याचा सा पेटीच्या काळी पाचशी जुळतो, म्हणून तो आधी मनात सगळं गाणं तिथे नेऊन ठेवतो, रीड जिभेवर ओली करतो आणि मग ‘अलबेला’चे मधले तुकडे एकामागून एक काढतो. बापाने शिकवले, म्हणतो.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही दोघं आणि पियानो शिकवणाऱ्या एक बाई मिळून ते तुकडे रेकॉर्डवरून कागदावर उतरवतो आहोत. मूळ कागद हाती नाहीत, म्हणून कान हाच आधार. क्लॅरिनेट पूर्ण झालं. सॅक्सोफोनचे दोन भाग सुटे करता आले. बेस बाईंनी एका बैठकीत लिहून काढला. हे पूर्ण झालं की येत्या १२ जानेवारीला पुणतांब्यात आमच्या बँडवाल्यांकडून वाजवून घ्यायचा बेत आहे, आणि पत्रिकेवर पहिली ओळ तुमची, दुसरी वाझ आणि गोम्स यांची, तिसरी वाजवणाऱ्या प्रत्येकाची असेल.

अडलंय एकाच जागी. ‘शोला जो भडके’तल्या एका तुकड्यात ट्रंपेटच्या खाली आणखी एक सूर आम्हाला ऐकू येतो आणि लगेच सॅक्सोफोनमध्ये बुडतो. क्लॅरिनेटवाला म्हणतो तो गंधार आहे, बाई म्हणतात पंचम. चिकने तिथे दुसऱ्या ट्रंपेटला काय लिहून दिलं होतं, अण्णा?

आपला,
नाशिकचा एक श्रोता