चार ओळींची यादी

तुमच्या घरात कोणी अमेरिकेतल्या विद्यापीठात पीएचडी किंवा पोस्टडॉक करत असेल, तर काळ्या स्क्रीनवर ‘मॉड्यूल लोड’ असं काहीतरी टाइप करताना तुम्ही त्यांना पाहिलं असेल. आमच्या रोजच्या कामाचा श्रीगणेशा तिथून होतो.

विद्यापीठाचा क्लस्टर म्हणजे शेकडो जणांनी वाटून घेतलेला मोठा संगणक. कोणाला जुना कंपायलर हवा असतो, कोणाला नवा. म्हणून एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या तिथे शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. मॉड्यूल लोड केल्याने नवीन काही बसवलं जात नाही. चालू सेशनला ‘आधी या फोल्डरमध्ये शोध’ एवढंच सांगितलं जातं. लग्नघरातल्या कोठीसारखं आहे हे. सामान सगळं आतच असतं, आचाऱ्याला कोणता डबा उघडायचा ते सांगावं लागतं. लॉग आउट केलं की हे सांगणंही पुसलं जातं.

जॉन फुर्लानी यांनी ही कल्पना १९९१ मध्ये एका परिषदेत मांडली. योगायोगाने त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकचा ‘परम ८०००’ तयार झाला. आज इथल्या अनेक केंद्रांत एलमॉड वापरतात. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या महासंगणन केंद्रात रॉबर्ट मॅक्ले यांनी ते लिहिलं. तुम्ही कंपायलर बदललात, की त्यावर अवलंबून असलेल्या लायब्रऱ्याही ते आपणहून बदलतं. जुळणारी मिळाली नाही, तर तसं सांगतं.

सोय मोठी आहे, पण सेशन पुसलं जातं आणि उत्तर मात्र शोधनिबंधात छापून राहतं. कंपायलर बदलला की बेरजांचा क्रम बदलू शकतो, मग शेवटचे दशांश बदलतात. हवामानासारख्या गणितात तेवढा फरकही वाढत जाऊन आकृतीच वेगळी दिसू शकते.

आमच्या प्रयोगशाळेत माझ्याआधी काम करून गेलेल्या एकाने प्रत्येक जॉबच्या फाइलमध्ये वरच चार ओळी लिहिल्या होत्या: आधी ‘मॉड्यूल पर्ज’, मग कंपायलर, एमपीआय आणि लायब्ररी, तिन्ही आवृत्तीच्या आकड्यांसह. त्याचा आलेख मी एका दुपारी पुन्हा काढू शकलो. दुसऱ्या एका फोल्डरमध्ये या ओळी नव्हत्या. तिथे तीन आठवडे गेले, तरी आकडे जुळले नाहीत.

ही यादी म्हणजे अमरपट्टा नव्हे. केंद्रं जुन्या आवृत्त्या काढून टाकतात. पण नाव आणि आकडा लिहिलेला असेल, तर स्पॅकसारख्या साधनाने ती आवृत्ती पुन्हा उभी करायचा प्रयत्न तरी करता येतो. काहीच लिहिलेलं नसेल, तर शोधायचं तरी काय?

आम्ही पोस्टडॉक मंडळी वर्षावर्षाच्या करारावर जगतो. करार संपला, की क्लस्टरवरचं खातं बंद होतं आणि व्हिसाचीही धावपळ सुरू होते. आपल्या जागी येणाऱ्या मुलीला आपला फोन नंबरही ठाऊक नसतो. तिच्या हाती आपली फाइलच असते. म्हणून तुम्ही या कामात असाल, तर मॉड्यूल्स सवयीने टाइप करू नका. जॉबच्या फाइलमध्येच लिहा, आवृत्तीसकट. आणि ‘मॉड्यूल लिस्ट’चा निकाल उत्तरांच्या शेजारी जपून ठेवा. मिनिटभराचं काम आहे.