ए-९ वरून आत वळताना

२००२ च्या शस्त्रसंधीनंतर श्रीलंकेतला ए-९ महामार्ग खुला झाला, तेव्हा वावुनियाच्या उत्तरेला गेलेल्या प्रवाशाला सामान उघडून दाखवावे लागे आणि घड्याळ अर्धा तास मागे घ्यावे लागे. कोलंबोने १९९६ मध्ये देशाची वेळ बदलली होती. सरकारविरुद्ध लढणाऱ्या लिट्टेने, म्हणजे तमिळ वाघांच्या संघटनेने, ती मानली नव्हती. पुढच्या पट्ट्यात तमिळ वाघांचे स्वतःचे पोलीस होते, न्यायालये होती, बँक होती, येणाऱ्या मालावर त्यांची जकात होती. एका बेटावर दोन राज्ये आणि दोन वेळा. २००६ च्या एप्रिलमध्ये कोलंबोने भारताशी जुळणारी जुनी वेळ पुन्हा लागू केली आणि घड्याळे एक झाली. चारच महिन्यांनी रस्ता बंद झाला. तो पुन्हा उघडला २००९ मध्ये, लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन मारला गेल्यावर.

आज त्याच रस्त्याने कुणीही लाल सरकारी बसमध्ये बसून जाफन्याला जाऊ शकतो. विदेशी पासपोर्ट असलेल्यांना उत्तरेत जायला संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागत असे. ती अट २०११ मध्ये उठली, २०१४ च्या ऑक्टोबरात परत आली आणि २०१५ च्या जानेवारीत सत्ताबदल झाल्यावर गेली. युद्धातून सावरणाऱ्या देशांमधला प्रवास हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, आणि श्रीलंकेच्या उत्तरेइतका स्पष्ट धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही. मुख्य रस्ता जिंकलेल्याची बाजू सांगतो. बाकीच्यांचे ऐकायचे तर तो सोडून आत वळावे लागते, मुक्काम वाढवावा लागतो. एकट्यादुकट्याने, स्वतः तिकिटे काढून फिरणाऱ्याला ते जमते. आठवड्यात बेट उरकणाऱ्या सहलीच्या बसला नाही.

रस्त्यावरच्या खुणा ठळक आहेत. किलिनोच्ची ही लिट्टेची प्रशासकीय राजधानी होती. तिथे भर गावात सिमेंटचा प्रचंड ठोकळा उभा आहे. त्यात तोफगोळा घुसलेला, भिंतीला तडे गेलेले आणि वर उमललेले कमळ. माघार घेताना लिट्टेने पाडलेली पाण्याची टाकी तशीच आडवी ठेवून तिचे अनेक वर्षे स्मारक केले होते, शेजारी आठवणवस्तूंचे दुकानही होते. पुढे एलिफंट पासला, जिथे जाफन्याचे द्वीपकल्प मुख्य भूमीला जोडले जाते, एक गंजलेला बुलडोझर जपून ठेवला आहे. लोखंडी पत्रे ठोकून लिट्टेने त्याचा रणगाडा केला होता. १९९१ च्या जुलैत गामिनी कुलरत्ने हा लान्स कॉर्पोरल हातबॉम्ब घेऊन त्यावर चढला, बुलडोझर थांबला आणि तोही गेला. त्याला परमवीर विभूषण हा देशाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला.

दक्षिणेतून आलेली सिंहली कुटुंबे इथे थांबतात, मुलांना हात धरून दाखवतात. युद्ध संपल्यानंतरच्या काही वर्षांत अशा बसगाड्यांची रीघ लागली होती. नैनातिवु बेटावरच्या नागदीप विहाराचे दर्शन आणि वाटेत ही ठिकाणे, असा त्यांचा क्रम असे. या लोकांना केवळ विजयाचे प्रेक्षक समजणे अन्यायाचे आहे. सरकारी आकड्यानुसार शेवटच्या तीन वर्षांत सहा हजारांवर सैनिक मेले, आणि ते बहुतांश गरीब खेड्यांतले होते. १९८५ मध्ये अनुराधापुरात लिट्टेने यात्रेकरूंवर गोळ्या झाडल्या. १९९६ मध्ये कोलंबोतली मध्यवर्ती बँक आणि १९९८ मध्ये कँडीचे दंतमंदिर बॉम्बने हादरवले. २००६ मध्ये केबितिगोल्लेवाजवळ सुरुंगाने खेड्यातली प्रवासी बस उडवली आणि साठाहून अधिक माणसे मारली. किलिनोच्चीच्या ठोकळ्यापुढे उभ्या असलेल्या एखाद्या बाईचा मुलगा किंवा भाऊ या यादीत असू शकतो.

पण तिच्या दुःखाला इथे दगड आहे, जागा आहे. शेजारच्या तमिळ बाईच्या दुःखाला ती नाही. लिट्टेने आपल्या मेलेल्यांसाठी बांधलेली दफनभूमी युद्धानंतर लष्कराने बुलडोझर फिरवून सपाट केली. जाफन्याजवळच्या कोप्पायची दफनभूमी पाडून तिथे लष्करी तळ उभा राहिला. त्या थडग्यांमध्ये संघटनेने जबरदस्तीने उचललेली मुलेही होती. त्यांच्या आयांना संघटनेचे राजकारण मान्य होते की नाही, हा प्रश्नच वेगळा. २०१६ पासून दर २७ नोव्हेंबरला, लिट्टेच्या मेलेल्यांच्या स्मरणदिनी, लोक पुन्हा अशा काही जागी जमतात आणि दिवे लावतात. जाफना विद्यापीठातले मुळ्ळिवाय्क्काल स्मारक २०२१ च्या ८ जानेवारीला रात्रीतून पाडले गेले. विद्यार्थी उपोषणाला बसले, ओरड झाली, आणि काही महिन्यांत ते पुन्हा बांधावे लागले.

मुळ्ळिवाय्क्काल महामार्गापासून पूर्वेला, मुल्लैतिवु जिल्ह्यात आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नंदीकडलची खाडी, मध्ये वाळूची अरुंद पट्टी. २००९ च्या पहिल्या पाच महिन्यांत लाखो माणसे या पट्टीवर रेटली गेली. सरकारने 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केले आणि त्याच क्षेत्रावर तोफा चालवल्या. लिट्टेने या माणसांना ढालीसारखे वापरले आणि पळू पाहणाऱ्यांवर गोळ्या घातल्या. दोन्ही गोष्टी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०११ मध्ये नोंदवल्या. मृत नागरिकांची संख्या चाळीस हजारांपर्यंत असू शकते, असेही त्याने म्हटले. श्रीलंका सरकारने हा अहवाल फेटाळला. वाचलेल्या पावणेतीन लाखांहून अधिक लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवले गेले. त्यांतली सर्वांत मोठी छावणी, वावुनियाजवळचे मेनिक फार्म, २०१२ च्या सप्टेंबरात बंद झाली.

पट्टीवरच्या त्या दिवसांत लोक तांदूळ भरपूर पाण्यात मीठ घालून शिजवत आणि तेवढ्यावर राहत. आता दर मे महिन्यात ती कंजी रस्त्याकडेला वाटली जाते. नारळाची करवंटी किंवा पेला पुढे करायचा, उभ्याने प्यायची. २०२४ मध्ये पूर्वेकडच्या संपूरला ती वाटल्याबद्दल स्त्रियांना अटकही झाली होती. कुणी प्रवाशापुढे कंजी धरली तर ती घ्यावी, आणि कॅमेरा पिशवीतच ठेवावा. १८ मेला, स्मरणाच्या दिवशी, तर माणसांचे चेहरे टिपूच नयेत. पाहुणा दुसऱ्या दिवशी निघून जातो. फोटोतला माणूस तिथेच राहतो आणि त्याला विचारपूस होऊ शकते.

पैसे कुठे जातात, हाही उत्तरेत साधा प्रश्न नाही. नंदीकडलच्या काठावर, जिथे शेवटची लढाई झाली तिथेच, लष्कराने २०१२ मध्ये विश्रामगृह उघडले. कांकेसंतुरैच्या किनाऱ्यावर, १९९० पासून हजारो कुटुंबांना हुसकावून अतिसुरक्षित क्षेत्र केलेल्या जमिनीवर, लष्कराचेच 'थलसेवना' हॉटेल आहे. खोल्या स्वच्छ, समुद्र समोर, दर वाजवी. तरीही माझे मत स्पष्ट आहे: तिथे उतरू नये. त्या जमिनीवरून हुसकावलेली माणसे भाड्याच्या घरांत आणि छावण्यांत वर्षे काढत होती. जमीन थोडी थोडी करून परत मिळते आहे, पण पूर्ण नाही. जाफना शहरात घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्याकडे सकाळी पुट्टू आणि सांबोल मिळते, संध्याकाळी ओसरीवर खुर्ची मिळते, आणि गप्पा त्यांच्या मनात असल्या तर आपोआप होतात.

त्या आपोआपच व्हाव्यात. युद्धात तुमचे कोण गेले, हा प्रश्न प्रवाशाने विचारायचा नसतो. किलिनोच्चीत २०१७ च्या फेब्रुवारीपासून बेपत्ता माणसांच्या आया फोटो घेऊन धरण्याला बसल्या. त्यांना पत्रकार, वकील, परदेशी शिष्टमंडळे, सगळे तेच विचारून गेले आणि उत्तर कुणी आणले नाही. ताडाच्या झाडांबद्दल विचारावे, शाळेबद्दल विचारावे, मोटारीबद्दल विचारावे. जाफन्यात अजून ऑस्टिन आणि मॉरिस मायनर गाड्या दिसतात. वेढ्याच्या वर्षांत उत्तरेत पेट्रोल येत नव्हते, तेव्हा लोकांनी या गाड्या रॉकेलवर चालवल्या. नवी गाडी येणार नव्हती, म्हणून जुनीच दुरुस्त करत राहिले. गाडीचा विषय निघाला की त्याच्या मागोमाग वेढाही येतो, विमानांचे हल्लेही येतात, आणि सांगणारा स्वतःला हवे तिथे थांबू शकतो.

ताडाचेही तसेच. जाफन्याचे सारे खाणेपिणे, कुंपण, छप्पर या झाडावर उभे आहे. त्याच्या कंदाच्या पिठात खेकडे, कोळंबी, मासे, चिंच आणि मिरची घालून केलेले 'ओडियल कूळ' एकदा तरी प्यावे. युद्धात ही झाडे दोन्ही बाजूंनी खंदकांसाठी लाखोंनी तोडली. रेल्वेचे रूळ आणि स्लीपरही तिकडेच गेले. १९५६ मध्ये सुरू झालेली 'याळ देवी' गाडी १९९० च्या जूनमध्ये जाफन्यापर्यंत जायची थांबली, ती २०१४ च्या १३ ऑक्टोबरला परत पोचली. नवा लोहमार्ग भारताच्या कर्जातून भारतीय 'इरकॉन' कंपनीने बांधला. खिडकीशी बसले की मुहमालै येते. वर्षानुवर्षे दोन्ही फौजांच्या फळ्या इथे समोरासमोर होत्या, आणि मधल्या जमिनीत जगातल्या सर्वांत दाट सुरुंगपेरण्यांपैकी एक झाली. 'हॅलो ट्रस्ट'सारख्या संस्थांमध्ये सुरुंग काढणाऱ्यांत स्थानिक तमिळ स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. गुडघ्यावर बसून, बोटाबोटाने माती खरवडत त्यांनी एकेक शेत मोकळे केले. कवटीची लाल पाटी दिसली तर एक पाऊलही पुढे टाकू नये, आणि पाटी नसली तरी ओसाड जागी मळलेली वाट सोडू नये.

जाफन्याचे सार्वजनिक वाचनालय पांढरेशुभ्र आहे, घुमटांचे. त्याच्या उभारणीत आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांचा सल्ला घेतला गेला होता. १९८१ च्या ३१ मेच्या रात्री पोलीस आणि गुंडांच्या जमावाने ते पेटवले. सुमारे ९७ हजार पुस्तके, ताडपत्रांवरच्या पोथ्या जळाल्या. सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा १९५६ चा कायदा, विद्यापीठ प्रवेशातला भेदभाव हे सारे आधी घडले होते, आणि १९८३ च्या जुलैतले कोलंबोतले तमिळांचे शिरकाण दोन वर्षांवर होते. तरी जाफन्यातली वयस्क माणसे सुरुवात कुठून धरायची म्हटली की बहुधा या आगीपासून धरतात.

वाचनालयापासून थोड्या अंतरावर मूर स्ट्रीटचा मुस्लिम मोहल्ला आहे. प्रवासवर्णनांत तो क्वचित येतो. १९९० च्या ३० ऑक्टोबरला लिट्टेने जाफन्याच्या मुसलमानांना दोन तासांत शहर सोडायला सांगितले. पैसे, दागिने काढून घेतले. साऱ्या उत्तर प्रांतातून सत्तर हजारांच्या आसपास माणसे हाकलली गेली, तीही तमिळ बोलणारीच. बहुतेक पुत्तळमला गेली, आणि त्यांची मुले तिकडेच मोठी झाली. थोडे परतले आहेत. पडकी घरे आणि त्यांना खेटून दुरुस्त मशीद असे दृश्य इथे दिसते. उत्तरेची गोष्ट दोनच बाजूंची आहे असे वाटत असेल तर या गल्लीतून चालावे.

आणि भारतीय प्रवासी स्वतःही तटस्थ नसतो. १९८७ ते १९९० भारताची शांतिसेना इथे होती. आपले अकराशेहून अधिक जवान त्यात मेले. मुंबईत जन्मलेले, ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला जाफन्याजवळ कंदरोडै इथे छातीत गोळी लागलेली असतानाही समोरच्या लिट्टे-सैनिकाची रायफल हिसकावून लढले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. कोलंबोजवळ श्रीजयवर्धनेपुर कोट्टेला शांतिसेनेच्या स्मारकावर मृतांची नावे कोरली आहेत. मराठी पर्यटक बहुधा कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा करून परततो. त्याने ती नावे वाचायला अर्धा दिवस काढावा. पण जाफन्याच्या इस्पितळातही एक स्मरण दरवर्षी होते. २१ ऑक्टोबर १९८७ ला, दिवाळीच्या दिवशी, भारतीय सैनिक त्या इस्पितळात शिरले आणि त्यांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठाच्या वर माणसे मेली. दोन्ही स्मरणे खरी आहेत. जाफन्यात 'कुठून आलात?' या प्रश्नाला 'इंडिया' म्हटल्यावर कधी आपुलकीने चहा येतो, कधी क्षणभर गप्प बसणे येते. त्याचे कारण ठाऊक असलेला पाहुणा त्या शांततेला घाईने उत्तर देत नाही.

सगळे काही थांबलेले नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके यांच्या आघाडीने जाफना जिल्ह्यातल्या सहापैकी तीन जागा जिंकल्या. दक्षिणेतल्या पक्षाने इथे पहिले येणे हे पूर्वी अशक्य वाटले असते. पुरलेल्यांचा शोधही पुन्हा सुरू झाला आहे. शहराच्या वेशीवर, ए-९ लगतच, चेम्मणी आहे. शेकडो माणसे इथे पुरली आहेत, अशी साक्ष १९९८ मध्ये खुनाच्या खटल्यात दोषी ठरलेल्या एका सैनिकाने दिली होती. १९९९ मध्ये पंधरा सांगाडे निघाले आणि काम थांबले. २०२५ मध्ये जवळच्या स्मशानभूमीत न्यायालयाच्या देखरेखीखाली खोदकाम झाले आणि दोनशेहून अधिक सांगाडे निघाले. त्यांत लहान मुलांचे होते. एक दप्तर, एक खेळणेही सापडले. ओळख पटवण्याचे काम मोठे आहे.

चेन्नईहून जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर २०१९ मध्ये विमानसेवा सुरू झाली आणि मधल्या खंडानंतर पुन्हा चालू झाली. नागपट्टिनम ते कांकेसंतुरै बोट २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, बंद पडली आणि २०२४ च्या ऑगस्टपासून पुन्हा सुटू लागली. समुद्र खवळला तर ती रद्द होते, म्हणून हाताशी एक-दोन दिवस जास्त ठेवावेत. त्या दिवसांत मुल्लैतिवुची बस पकडता येते. ऑगस्टच्या सुमारास गेलात तर नल्लूरच्या कंदस्वामी मंदिराचा पंचवीस दिवसांचा उत्सव असतो. आत जाताना पुरुषांनी सदरा काढायचा असतो. जगभर पांगलेली जाफन्याची माणसे तेव्हा घरी आलेली असतात, आणि खोली मिळवायची तर महिनाभर आधी कळवावे लागते.